डोहाचं पाणी

चौक, ता. ११ मार्च १९२८

चिरंजीव हिरामण,

ताईचे भरपूर आशीर्वाद. तू मुंबईला गेल्यापासून तुझं पत्र म्हणजे चार ओळी असतात, त्यातल्या दोन ‘कचेरीत काम फार’ एवढ्याच. म्हणून हे जरा बिचकतच लिहिते आहे.

चैत्री पौर्णिमेला इथल्या देवीची जत्रा भरते, हे तुला कडाव गावच्या माणसाला सांगायला नको. गेल्या साली उन्हाने माणसं कोसळली. एक म्हातारी रांगेतच गेली. पोरं हरवली. यंदा कर्जतच्या वकीलसाहेबांनी सेवा मंडळ काढलं आहे. पाणपोई, हरवलेल्या मुलांचा मांडव, थोडं औषधपाणी असा बेत आहे. वर्गणी जमली, पण हातपाय हलवणारी माणसं नाहीत. इथले लोक जत्रेत आपापल्या दुकानाला नाहीतर नवसाला.

यंदा जत्रा आणि तुमच्या साहेबांचा ईस्टर एकत्र आले आहेत. तुम्हा लोकांना चार दिवस सुट्टी. मी काही जन्म वाहून घ्या म्हणत नाही. तीन दिवस द्या. तुझ्यासारखे आपल्या भागातले पाचसात नोकरदार आले तरी पुरे. झोपायला शाळा आहे. जेवण माझ्या शेजारच्या सोनाबाई करते म्हणाल्या. त्यांची गोदा माझ्याच वर्गात आहे. ती आतापासून विचारते, “बाई, मुंबईचे दादा टोपी घालतात का?”

ये रे. नाही म्हणू नकोस.

सुंदराताई

---

गिरगाव, मुंबई, ता. १५ मार्च १९२८

ती. सुंदराताई, साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र खोलीवर मोठ्याने वाचलं. खरं सांगतो, आधी कुणाचंच मन होईना. ईस्टरच्या सुट्टीत कुणाला झोपायचं होतं, कुणाला बायको आणायला जायचं होतं. आमची गत अशी की सकाळी नऊला निघायचं, दिवसभर बंदरावरच्या पावत्यांवर पावत्या लिहायच्या आणि परत येऊन भात गिळायचा. आपण कुणाच्या उपयोगी पडतो, असं वाटायची सोयच नाही.

मग तारकचेरीतला लडकू म्हणाला, “तीन दिवस तर तीन दिवस. निदान कुणी साहेब हाका मारणार नाही.” त्यावर सगळे हसले आणि एकेक जण तयार झाला. आम्ही सहाजण येतो. एकजण दवाखान्यात कंपाउंडर आहे, तो पट्ट्या आणि आयोडीन आणील.

पाणपोई माझ्याकडे दे. मला कधीपासून काहीतरी असं करायचं होतं, ज्याचा दिवसाच्या शेवटी हिशेब मांडायचा नसतो.

गोदाला सांग, टोपी घालतो.

तुझा
हिरामण

---

गिरगाव, ता. १० एप्रिल १९२८

ती. ताई,

आज कचेरीत बसलो, पण कान अजून जत्रेतच आहेत. हात दुखताहेत, गळा बसला आहे आणि मी इतका सुखात कधी नव्हतो. तुझी भेट तीन दिवसांत उभ्याउभ्याच झाली. तू मुलांच्या मांडवात, मी पाण्याच्या रांजणांपाशी. म्हणून आता सविस्तर लिहितो.

पहिला दिवस छान गेला. देवळाच्या विहिरीत तू लाल औषध टाकून घेतलं होतंस, तेच पाणी ठाकरवाडीच्या कोंडी आणि पारू या जावाजावा भरून आणत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पंचाईत झाली. विहीर आटली. बादलीत नुसता चिखल यायला लागला. इकडे रांग देवळाच्या पायरीपर्यंत. एका बाईच्या कडेवरचं पोर मान टाकत होतं. कोंडीने विचारलं, “दादा, वरच्या झऱ्यावर जावं तं लय येळ लागंल. डव्हाचं आणू?” मी म्हटलं, “आण, आण. लवकर आण.” मग दोघींनी नदीच्या डोहातून खेपा केल्या. मी दुहेरी धोतरातून पाणी गाळून रांजणात भरलं. संध्याकाळपर्यंत एकही माणूस तहानलेला परत गेला नाही. ते मान टाकलेलं पोर नंतर बापाच्या खांद्यावर बसून पिपाणी वाजवत गेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

आम्ही सहाहीजण मात्र चहावरच होतो. पाणी प्यायला फुरसत कुणाला!

गोदा दिवसभर माझ्यापाशी होती, भांडी विसळून देत होती. सोनाबाईंनी निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. म्हणाल्या, “पुढच्या सालाला आलास नाय तं बघ.” येणारच. लडकू तर आत्तापासून रजेचं बोलतो आहे.

तुझा
हिरामण

---

चौक, ता. ११ एप्रिल १९२८

चि. हिरामण,

तुझं पत्र अजून आलं नाही, पण राहवत नाही म्हणून लिहिते. काल वर्गात निम्म्या मुली नव्हत्या. जत्रेचा शीण असेल म्हणून घरोघर फिरले, तर तीन घरांत जुलाब आणि उलट्या. वरच्या आळीतला एक म्हातारा सकाळी गेला. तुम्हा मुलांची प्रकृती कशी आहे, ते ताबडतोब कळव. तू पाणी उकळून पी.

गोदाही काल रात्रीपासून निजून आहे. सोनाबाई म्हणतात, जिलबी बाधली.

ताई

---

गिरगाव, ता. १३ एप्रिल १९२८

ती. ताई,

तुझं कार्ड मिळालं. आम्ही सगळे ठणठणीत आहोत, काळजी नको. जत्रेनंतर असं होतंच. ऊन, उघड्यावरची जिलबी, शिळा चिवडा. कंपाउंडर म्हणतो, सुंठ-साखर आणि लिंबू द्यावं. गोदासाठी पोस्टाने लिमलेटच्या गोळ्या पाठवतो आहे.

एक गंमत. वकीलसाहेबांनी मंडळाची हकिकत वर्तमानपत्राला धाडली आहे. म्हणतात, मे महिन्यात कर्जतला स्वयंसेवकांचा सत्कार करायचा. लडकू आत्तापासून कोट इस्त्रीला टाकतो आहे.

हिरामण

---

चौक, ता. १७ एप्रिल १९२८

हिरामण,

गोळ्या आल्या. गोदा त्याआधीच गेली.

पटकी आहे. आरोग्य खात्याचा माणूस आला, त्याने ‘कॉलरा’ असं नाव घेतलं. नाव न घेताही सगळ्यांना कळलं होतं. शाळा बंद आहे. मी आणि आणखी दोघी मीठ-साखरेचं पाणी घेऊन घरोघर जातो. चमच्याने पाजायचं, ते लगेच बाहेर पडतं, पुन्हा पाजायचं. गोदाला मीच पाजत होते. शेवटी तिचे डोळे आत गेले आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही गणित अडलं आहे आणि बाई आत्ता सांगतील.

आरोग्यवाल्याने विचारलं, जत्रेत पाणी कुठलं होतं? मी छातीठोकपणे सांगितलं, देवळाच्या विहिरीचं, औषध टाकलेलं. घरी आले तर तुझं दहा तारखेचं पत्र दाराशी पडलेलं. उघडायला वेळ झाला नव्हता, तो तेव्हा झाला. डोहाच्या वरच्या अंगाला घाटावरून आलेले गाडीवाले तीन दिवस उतरले होते, हे तुला ठाऊक नव्हतं. मलाही ते डोहापर्यंत पसरले आहेत हे ठाऊक नव्हतं. त्यांच्यातला एकजण तिथेच आजारी होता, असं आता निघतं आहे.

मी परत जाऊन आरोग्यवाल्याला खरं सांगितलं. त्याने डोहावर पहारा बसवला. तेवढ्याने आता नवी दुखणी कमी होतील म्हणतो.

पण गावात वेगळंच उठलं आहे. डोहाचं पाणी कोंडी-पारूने आणलं, एवढंच लोकांनी उचललं. म्हणतात, खेपा वाचवायला त्यांनी चोरून आणलं. कुणी म्हणतं, पाण्यात काही टाकलं. पारू स्वतः त्याच पाण्याने शनिवारी गेली, हे सांगितलं तर म्हणतात, तिचीच करणी तिच्यावर उलटली.

आता तू काय ते लिही. मला काही सुचत नाही.

सुंदरा

---

गिरगाव, ता. १९ एप्रिल १९२८

ताई,

तुझं पत्र जिन्यात उभ्याने वाचलं.

मी आणवलं ते पाणी. कोंडीने विचारलं, मी ‘आण’ म्हटलं. माझ्या शेजारी लडकू होता, त्याने ऐकलं आहे. मी तिथे यायला पाहिजे. सकाळी साहेबाकडे रजा मागितली, तर म्हणाला, “पटकीच्या गावाला जाऊन आलास तर पुन्हा या कचेरीत पाऊल टाकायचं नाही.” मी तरी निघालो होतो, पण कर्जतच्या स्टेशनावर मुंबईची माणसं परत पाठवताहेत, असं मंडळाच्या चिटणिसांनी कळवलं आहे.

म्हणून तीन पत्रं लिहिली. एक गावच्या वाल्मिक पाटलांना, एक आरोग्य खात्याला, एक वकीलसाहेबांना. तिन्हींत स्वच्छ लिहिलं, पाणी माझ्या सांगण्यावरून आणलं, त्या बायकांचा काडीइतका दोष नाही. पाटलांचं पत्र याच पाकिटात घातलं आहे. तू स्वतः नेऊन दे, चावडीवर वाचून दाखव. माझं नाव मोठ्याने घे.

सोनाबाईंना काय सांगू? त्यांच्या हातचं जेवलो आहे मी.

गोदा रांजणातलं पहिलं भांडं आपण पिऊन बघायची आणि मग लोकांना द्यायची. हे मी आत्तापर्यंत विसरलो होतो.

हिरामण

---

चौक, ता. ३० एप्रिल १९२८

चि. हिरामण,

साथ ओसरते आहे. चार दिवसांत नवं कुणी नाही.

तुझं पत्र मी चावडीवर वाचलं. पन्नासेक माणसं होती. तुझं नाव मोठ्याने घेतलं. मग वाल्मिक पाटील म्हणाले, “बाई, पोरगा मोठ्या मनाचा हाय. गरिबावरचं बालंट आपल्या अंगावर घ्येतोय.” आणि सगळ्यांनी मान डोलावली! मी म्हटलं, “अंगावर घेत नाही, घडलं ते सांगतोय.” तर पाटलांनी तुझं पत्र नीट घडी करून माझ्या हातात परत दिलं. “ठेवा ह्ये. पोराच्या नोकरीला ढका लागंल. आपल्यातनं एक पोरगं वर गेलंय, त्याला आपणच खाली वढायचा का?” रागाने नाही रे, मायेने बोलले. रागावले असते तर मी भांडले असते.

मग सोनाबाईंकडे गेले. वाटलं, गावाचं राहू दे, हिला तरी कळायला हवं. सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. म्हणाली, “मास्तरीणबाई, आसं बोलू नका. त्याला मी वाढलंय. माझी गोदी त्याच्या मागंमागं फिरत व्हती.” मी पुन्हा सांगू लागले, तर तिने हात जोडले. “नका सांगू. त्या ठाकरणीला मी तळतळाट दिऊ शकते. त्याला कसा दिऊ?”

मी उठून घरी आले.

कोंडी गेल्या आठवड्यात बाजाराला उतरली, तेव्हा कुणीतरी दगड मारला. कपाळावर खोक पडली. आता वाडीवरच्या कुणालाही गावात काम देत नाहीत. तिचा नवरा पदू विटांच्या भट्टीवर होता, तिथूनही त्याला काढलं. त्यांची लहान ठमी पाण्याला सुद्धा खाली येत नाही.

आरोग्य खात्याने लिहिलं आहे, ‘दूषित पाणी, डोह.’ कुणी सांगितलं आणि कुणी आणलं, त्याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

ताई

---

गिरगाव, ता. २१ मे १९२८

ती. ताई,

काल कर्जतला मंडळाचा सत्कार झाला. मी आधी ‘येत नाही’ म्हणून कळवलं होतं. मग वाटलं, एवढी माणसं एका जागी पुन्हा कुठे मिळणार? चौकचीही माणसं येणार होती. म्हणून गेलो.

शाळेपुढे मांडव होता. वकीलसाहेब तळमळीने बोलले. म्हणाले, “दिवसभर कचेरीत राबणारी ही मुलं, आपली सुट्टी गरिबांच्या घोटभर पाण्यासाठी खर्च करतात.” साथीबद्दल एकच वाक्य होतं, ‘पुढे दुर्दैवाने जो प्रसंग ओढवला.’ मग माझं नाव पुकारलं. शाल घातली.

मी बोलायला उभा राहिलो. म्हटलं, “त्या दुपारी विहीर आटली होती. डोहातून पाणी आणा, असं मी सांगितलं. ते पाणी मी माझ्या हाताने वाढलं. जी माणसं गेली, ती त्या पाण्याने गेली. कोंडीचा त्यात दोष नाही, माझा आहे.” ताई, मला वाटलं, झालं, पोहोचलं.

आणि मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. वकीलसाहेब डोळे पुसत उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बघा, सेवा करून वर दोषही स्वतःच्या पदरात घ्यायचा, याला म्हणतात खरा स्वयंसेवक!” मी ओरडलो, “अहो, विनय नाही हा, मी खरं सांगतोय!” त्यावर टाळ्या आणखी वाढल्या. लडकूने कोट ओढून मला खाली बसवलं. त्याला म्हटलं, तू ऐकलं होतंस, तू तरी सांग. तो म्हणाला, “ऐकलं होतं. पण आता सांगून कोण परत येणार आहे?”

शाल मी तिथेच खुर्चीवर ठेवून स्टेशनावर आलो. एक अनोळखी गृहस्थ धावत आले आणि खिडकीतून ती माझ्या मांडीवर टाकून, नमस्कार करून गेले.

येत्या रविवारी वाडीवर जातो. कोंडीला तरी तोंड दाखवतो.

हिरामण

---

चौक, ता. २४ मे १९२८

चि. हिरामण,

जा. जाऊ नको म्हणायचा मला अधिकार नाही. पण काही घेऊन जाऊ नकोस, कापड नाही, खाऊ नाही. आणि तिने रडावं किंवा शिव्या द्याव्यात, अशी आशा धरून जाऊ नकोस.

बोलावलं मी होतं तुला, हेही लक्षात असू दे. एकट्याने सगळं डोक्यावर घेऊ नकोस.

ताई

---

गिरगाव, ता. २८ मे १९२८

ती. ताई,

काल जाऊन आलो. चौकला उतरलो नाही, त्याबद्दल रागावू नकोस. सोनाबाईंच्या दारावरून जायची छाती झाली नाही. कर्जतहून परस्पर डोंगराच्या वाटेने चढलो.

कोंडी अंगणात तेलासाठी मोहाच्या बिया, टोळंब्या, फोडत बसली होती. कपाळावरची खोक भरून आली आहे, पण भुवई वर ओढली गेली आहे. मला ओळखलं. पदूने बसायला बाज टाकली आणि तो आत निघून गेला. ठमी कुडाआडून बघत होती.

मी सगळं बोललो. ती फोडायची थांबली नाही. माझं झाल्यावर म्हणाली, “दादा, ह्ये मला कशाला सांगतो? मला ठावं हाय. मीच इचारलं व्हतं ना तुला?”

“हो.”

“तिकडं खाली सांग.”

“सांगितलं, कोंडीबाई. चावडीवर सांगितलं, मांडवात सांगितलं, कागदावर लिहून दिलं. कुणी ऐकत नाय.”

तेव्हा तिचे हात थांबले. तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “मंग आता?”

टोमणा नव्हता त्यात. तिला खरोखरच वाटलं, मी शिकलेला आहे, मुंबईचा आहे, याच्यापुढची एखादी जागा मला ठाऊक असेल. ती वाट बघत होती. पुष्कळ वेळ वाट बघितली तिने. मग पुन्हा टोळंब्या फोडायला लागली.

ताई, मला उत्तर आलं नाही. तुला येतं आहे का?

हिरामण

---

चौक, ता. ५ जून १९२८

चि. हिरामण,

नाही. मलाही येत नाही. तुझं पत्र पाचसहा वेळा वाचलं, तरी नाही.

मग बाजाराच्या आदल्या दिवशी मी वाडीवर गेले. कोंडीला म्हटलं, उद्या करवंदांची पाटी घेऊन उतर, मी बरोबर येते. पदू नको म्हणत होता. ती आली. तिच्या नेहमीच्या जागेवर, चिंचेखाली, आम्ही दोघी शेजारी बसलो. मला वाटलं होतं, मास्तरीण शेजारी बसली म्हटल्यावर लोक थोडे तरी वरमतील. निम्म्या गावाच्या मुली माझ्या हाताखालून गेल्या आहेत.

दगड कुणी मारला नाही. एवढंच झालं. लोक लांबून वळसा घालून जात होते. माझ्या वर्गातली एक मुलगी करवंदांकडे बघत रेंगाळली, तिच्या आईने तिचं बकोट धरून ओढलं. दुपारी सोनाबाई आली. समोर उभी राहिली. मी म्हटलं, “बसा.” ती कोंडीकडे बघत होती, कोंडी जमिनीकडे. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमी सुद्धा, बाई?” आणि गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मधल्या भिंतीपलीकडून तिचं भांडं वाजलेलं तेवढं ऐकू येतं.

उन्हं उतरेपर्यंत बसलो. पाटी जशी आणली होती, तशी भरलेली. आता ही डोंगरावर परत कशी चढवायची, म्हणून कोंडीने ती माझ्यापुढे सरकवली. “घ्या बाई, तुमीच खा. नायतरी नासतील.”

मी एक मूठ घेतली. ती बघत होती, म्हणून खाल्ली. इतकी गोड होती, हिरामण, की काय सांगू.

तुझी
ताई